एकाच संगणकावर शिक्षकांना नेट सुरू, विद्यार्थ्यांना बंद: नियम खात्यावर कसा बसवायचा?

कक्षप्रमुख_औसा

नमस्कार. शाळेच्या संगणक कक्षात बारा संगणक आहेत, दहांवर उबुंटू २२.०४ आणि दोनांवर विंडोज ११. सगळे सोळा पोर्टच्या स्विचवरून फायबरच्या राउटरला जोडलेले आहेत. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. एक जास्तीचा संगणक (८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क) रिकामा आहे, तो सर्व्हर म्हणून लावता येईल. प्रत्येक यंत्रावर ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ अशी दोन खाती आहेत.

संगणक तेच, बसणारे वेगळे, ही खरी अडचण. परिपाठाआधी आणि मधल्या सुट्टीत शिक्षक याच यंत्रांवर यू-डायस प्लस (शाळेच्या माहितीचं पोर्टल), शालार्थ (पगाराचं पोर्टल) आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यांना पूर्ण नेट लागतं. तासाला लेकरं बसली की फक्त दीक्षा, ई-बालभारती (दोन्ही धड्यांच्या साइट) आणि मराठी विकिपीडिया उघडावं, बाकी काही नको.

आतापर्यंत केलेले उपाय आणि त्यांचं काय झालं ते लिहितो.

केबल काढून ठेवली. शिक्षकांचं काम अडलं आणि रोजच्या काढघालीने केबलच्या टोकाच्या क्लिपा तुटल्या.

होस्ट्स फाइलमध्ये (यंत्रावरची नाव-पत्त्याची यादी) साइटची नावं टाकली. रोज नवी गेमची साइट निघते, यादी कधी पुरी होत नाही. शिवाय ती शिक्षकांनाही बंद होते.

राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता सांगणारी सेवा) १.१.१.३ टाकला. अश्लील साइट बंद झाल्या, पण यूट्यूब आणि गेम तसेच. आणि मोबाइल यूएसबीने लावून टेदरिंग केलं (मोबाइलचं नेट संगणकाला दिलं) की राउटरचा संबंधच उरत नाही.

शेवटी आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) ओनर मॅच (डेटा कोणत्या खात्याने पाठवला ते बघणारी अट) लावून विद्यार्थ्यांच्या गटाला बाहेरचं सगळं बंद केलं आणि खातं त्या गटात टाकलं. काहीच बंद झालं नाही. मग गटाऐवजी खात्याचं नाव दिलं, तेव्हा बऱ्याच साइट बंद झाल्या, पण गूगल आणि यूट्यूब सुरूच. हे का होतंय? आणि पक्का मार्ग कोणता?

सेलूकर

राउटरच्या सेटिंगमध्ये मॅक फिल्टर असतो. त्यात बारा यंत्रांचे मॅक पत्ते टाकून तासांच्या वेळा लावून द्या.

उबुंटू_परभणी

सेलूकर सर, मॅक पत्ता नेटवर्क कार्डाचा असतो, माणसाचा नाही. शिक्षक बसले काय आणि विद्यार्थी बसला काय, राउटरला दोघं सारखेच दिसतात. वेळा लावल्या तरी ऑफ तासाला अर्ज भरायला बसलेल्या मॅडमचं नेट जाईल. राउटर, स्विच, डीएनएस यांतल्या कुणालाच कोण लॉगिन झालंय ते कळत नाही. ते फक्त त्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत असतं, म्हणून नियम तिथेच बसवावा लागतो.

औसा सर, तुम्ही योग्य जागी पोहोचला आहात, दोन गोष्टी आड आल्या.

पहिली, गट. ओनर मॅच सॉकेट (नेटची जोडणी) उघडणाऱ्या प्रक्रियेचा प्राथमिक गट बघतो. उबुंटूत प्रत्येक खात्याला त्याच्याच नावाचा प्राथमिक गट असतो, तुम्ही नंतर जोडलेला गट दुय्यम ठरतो, त्यामुळे नियमाला तो दिसलाच नाही. प्राथमिक गट बदलूनही भागत नाही, कारण ‘एसजी’ किंवा ‘न्यूजीआरपी’ ही आज्ञा देऊन विद्यार्थी स्वतःच्या दुसऱ्या गटाने ब्राउझर सुरू करू शकतो. खात्याचा क्रमांक मात्र त्याला बदलता येत नाही. म्हणून नियम कायम यूजर आयडीवर लावायचा.

दुसरी, आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे नेटचे पत्ते. आयपीटेबल्सचा नियम फक्त आयपीव्ही४ च्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या, पाकिटांना (डेटाच्या तुकड्यांना) लागतो. फायबर आणि मोबाइल दोन्हींवर आता आयपीव्ही६ पत्ता मिळतो, गूगल आणि यूट्यूब आयपीव्ही६ वर आहेतच, त्यामुळे ती पाकिटं नियमाला न शिवता बाहेर पडली. ज्या साइट बंद झाल्या त्या फक्त आयपीव्ही४ वाल्या होत्या. यावर आयपी६टेबल्समध्ये तोच नियम दुसऱ्यांदा लिहिता येतो, पण मी एनएफटेबल्स (आयपीटेबल्सच्या जागी आलेली नवी फायरवॉल) सुचवेन. त्यात ‘आयनेट’ प्रकारचं टेबल केलं की एकच नियम दोन्हींना लागतो.

आता क्रमाने. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, यंत्रावर रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाका.

आधी खातं स्वच्छ करा. ‘ग्रुप्स’ आणि पुढे खात्याचं नाव अशी आज्ञा दिली की तो कोणकोणत्या गटांत आहे ते दिसतं. ‘सुडो’, ‘एलएक्सडी’ किंवा ‘डॉकर’ यांपैकी एकही गट दिसला तर काढून टाका. सुडोचं सगळ्यांना माहीत असतं, पण एलएक्सडी आणि डॉकर गटातला माणूसही दोन आज्ञांत रूट (यंत्राचा सर्वाधिकारी) होतो, आणि रूट झाला की आपला नियम त्याला लागत नाही. मग दहाही यंत्रांवर त्या खात्याला एकच क्रमांक द्या, उदाहरणार्थ १५००. ‘यूजरमॉड’ला वजा यू देऊन क्रमांक बदलतो. त्या वेळी ते खातं लॉगिन असता कामा नये. क्रमांक सारखा असला की एकच नियमांची फाइल पेनड्राइव्हवरून दहा ठिकाणी टाकता येते.

फाइल म्हणजे ईटीसी फोल्डरमधली ‘एनएफटेबल्स डॉट कॉन्फ’. तिच्यात एक आयनेट टेबल, त्यात एक चेन (नियमांची रांग): प्रकार फिल्टर, हुक आउटपुट, प्रायॉरिटी ०, पॉलिसी ॲक्सेप्ट. चेनमध्ये नियम या क्रमाने (एसकेयूआयडी म्हणजे पाकीट पाठवणाऱ्या खात्याचा क्रमांक):

१. मेटा एसकेयूआयडी १५००, बाहेर जाणारा इंटरफेस ‘एलओ’: ॲक्सेप्ट.
२. मेटा एसकेयूआयडी १५००, पोचायचा पत्ता १९२.१६८.१.१०, टीसीपी पोर्ट ३१२८ आणि ८०८०: ॲक्सेप्ट.
३. मेटा एसकेयूआयडी १५००, टीसीपी: काउंटर, रिजेक्ट विथ टीसीपी रीसेट.
४. मेटा एसकेयूआयडी १५००: काउंटर, रिजेक्ट.

पहिला नियम विसरू नका. यंत्राचं स्वतःशी चालणारं बोलणं एलओवरून जातं. उबुंटूत नावाचा पत्ता शोधणारी सेवा १२७.०.०.५३ वर बसलेली असते आणि छपाईचा रस्ताही तिथूनच असू शकतो. एलओ बंद झालं की भलत्याच गोष्टी मोडतात आणि कारण सापडत नाही. दुसरा नियम तुमच्या रिकाम्या संगणकासाठी, तो सर्व्हर झाला की लागेल. इथे अख्खं १९२.१६८.१ चं जाळं उघडू नका. त्यात राउटरचं पानही येतं, आणि राउटरचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी कंपनीने दिलेलाच असतो.

ड्रॉप न लिहिता रिजेक्ट लिहिलंय ते मुद्दाम. ड्रॉपमध्ये पाकीट गुपचूप टाकून दिलं जातं, ब्राउझर उत्तराची वाट बघत दीड-दोन मिनिटं फिरत राहतो आणि लेकरं समजतात की संगणक अडकला. मग मुख्य बटण दाबून बंद करतात. रिजेक्टमध्ये त्याच क्षणी ‘जोडता आलं नाही’ असं पान येतं.

फाइल लिहिल्यावर ‘एनएफटी वजा सी वजा एफ’ देऊन नुसती तपासा, चूक असेल तर ओळ क्रमांकासकट सांगतो. मग ‘एनएफटी वजा एफ’ने ती लागू करा आणि ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ने सेवा कायमची सुरू करा. उबुंटूत ती आपोआप सुरू नसते. हे राहिलं तर आज सगळं बरोबर चालेल आणि लाईट जाऊन आली की नियम गायब. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. फाइलच्या वरच्या बाजूला ‘फ्लश रूलसेट’ अशी ओळ आधीपासून असते. तिने यूएफडब्ल्यूचे (उबुंटूच्या सोप्या फायरवॉलचे) नियमही पुसले जातात, तेव्हा यूएफडब्ल्यू वापरत असाल तर दोन्हींतलं एकच ठेवा.

तपासणी विद्यार्थी खात्यात बसूनच करा: आयपीव्ही४ ने एक साइट, आयपीव्ही६ ने एक साइट (कर्ल आज्ञेला वजा ४ आणि वजा ६ देता येतं), मग मोबाइल यूएसबीने लावून पुन्हा दोन्ही. मोबाइलच्या वाटेनेही बंदच दिसायला हवं, कारण नियम केबलवर नाही, खात्यावर आहे. त्यानंतर शिक्षक खात्यातून ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ बघा. काउंटरचे आकडे वाढलेले दिसले म्हणजे नियम खरोखर लागतोय.

लॅब_जालना

विंडोजच्या दोन यंत्रांचं मी सांगते, सर. तिथेही खात्यावर नियम लागतो, फक्त तो पर्याय जरा आत दडलेला आहे.

विद्यार्थ्याचं खातं ‘स्टँडर्ड’ प्रकारचं असलं पाहिजे, ॲडमिनिस्ट्रेटर नको. मग शिक्षक खात्यातून ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ चालवा, आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, कस्टम. सगळे प्रोग्रॅम, कोणताही प्रोटोकॉल, ब्लॉक. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही खुणा ठेवा. मोबाइलचं टेदरिंग विंडोज बहुधा पब्लिक म्हणून धरतं, ती खूण काढली की तीच पळवाट झाली.

नियम तयार होताच तो सगळ्यांना लागतो, शिक्षकांनाही. घाबरू नका. त्याच नियमाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकल प्रिन्सिपल्स’ असा टॅब आहे. तिथे ‘ओन्ली अलाउ कनेक्शन्स फ्रॉम दीज यूजर्स’ वर खूण करून विद्यार्थी खातं जोडा. शब्द उलटे वाटतात, वाचणाऱ्याला वाटतं की आपण त्यालाच परवानगी देतोय. पण नियम ब्लॉकचा असल्यामुळे अर्थ होतो ‘हा नियम फक्त या खात्याला लावा’.

विंडोजमध्ये ब्लॉक नियम अलाउ नियमाला भारी पडतो. त्यामुळे सर्व्हरसाठी वेगळा अलाउ नियम करून उपयोग नाही, ब्लॉकच्याच नियमातून सर्व्हर वगळावा लागतो. स्कोप टॅबमध्ये रिमोट पत्त्यांत हे पट्टे टाका: १.०.०.० ते १२६.२५५.२५५.२५५, १२८.०.०.० ते १९२.१६८.१.९, १९२.१६८.१.११ ते २२३.२५५.२५५.२५५, आणि आयपीव्ही६ साठी २०००::/३. म्हणजे १९२.१६८.१.१० तेवढा मोकळा राहिला. आयपीव्ही६ चा पट्टा टाकायला बहुतेक जण विसरतात, आणि मग परभणीच्या सरांनी वर सांगितलेलाच प्रकार होतो.

नियम लावल्यावरही साइटच्या नावाचा पत्ता मिळत राहील, कारण ते काम डीएनएस क्लायंट सेवा तिच्या स्वतःच्या खात्यातून करते. ते बघून नियम चालत नाही असं समजू नका, पान उघडतंय का ते बघा. विंडोज अपडेटही सेवेच्या खात्यातून येतं, ते सुरू राहतं. आपल्याला तेच हवंय.

अजून विंडोज १० वर असलेल्या शाळांसाठी: त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नियम तिथेही असाच लागतो, पण त्या यंत्रांना उबुंटूवर नेण्याचा विचार खरंच करा.

कक्षप्रमुख_औसा

दोघांचेही आभार. विंडोजचं पहिल्या फटक्यात झालं. उबुंटूत मी ओळी जरा वेगळ्या लिहिल्या: पहिल्या ओळीत ‘एसकेयूआयडी १५०० नसेल तर ॲक्सेप्ट’, मग एलओ आणि सर्व्हरला वाट, आणि शेवटी सरसकट रिजेक्ट. विद्यार्थी खातं बरोबर बंद झालं. शिक्षक खात्यात ब्राउझरही चालतो. पण कक्षाचा सामायिक फोल्डर (एफएसटॅब फाइलमधून यंत्र सुरू होतानाच चढवलेला, विंडोजच्या यंत्रावरचा) शिक्षक खात्यातही अडकून बसतो, आणि दुसऱ्या यंत्रावरून या यंत्राला पिंग केलं तर उत्तर येत नाही. केबल, स्विच बदलून बघितलं.

उबुंटू_परभणी

केबल परत जागेवर लावा, दोष त्या ‘नसेल तर’मध्ये आहे.

प्रत्येक पाकिटाला मालक असतोच असं नाही. काही पाकिटं कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः तयार करतो: पिंगचं उत्तर, टीसीपीचा रीसेट, आणि एफएसटॅबमधून चढवलेल्या सामायिक फोल्डरची सगळी ये-जा. त्यांच्यामागे कुठल्या खात्याची प्रक्रिया नसते. अशा पाकिटासाठी एनएफटेबल्सला एसकेयूआयडी मिळतच नाही, आणि किंमत मिळाली नाही की तो अख्खा नियम ‘जुळला नाही’ असा धरून पुढे जातो. आपल्याला वाटतं की मालक नाही म्हणजे १५०० ही नाही, म्हणजे ॲक्सेप्ट होईल. तसं होत नाही. पाकीट घसरत घसरत शेवटच्या सरसकट रिजेक्टवर येऊन आपटतं.

म्हणून प्रत्येक ओळ ‘१५०० असेल तर’ अशीच लिहायची आणि चेनची पॉलिसी ॲक्सेप्ट ठेवायची. बिनमालकाची पाकिटं मग कुठल्याच ओळीत न अडकता बाहेर जातात. मी चार ओळी लिहिल्या त्या याचसाठी.

याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. तो चढवलेला फोल्डर विद्यार्थ्याला नेट बंद असतानाही दिसणार, कारण तिथे बोलतोय कर्नल. फोल्डरमध्ये निकालपत्रकं, आधार क्रमांकांच्या यादी असं काही असेल तर ते फायरवॉल अडवणार नाही, फोल्डरच्या परवानग्याच अडवतील. चढवतानाच शिक्षक खात्याचा यूआयडी आणि ‘फक्त मालकाला वाचता यावं’ असा मोड द्या.

तारजोड_नांदेड

आता सर्व्हर. सर, तिन्ही साइट फायरवॉलमध्ये आयपी पत्त्याने उघडायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या साइटचे पत्ते बदलत राहतात आणि एकाच पत्त्यावर शेकडो साइट असतात. नावाने उघडायचं काम स्क्विड प्रॉक्सीचं, म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यामधल्या मध्यस्थाचं.

रिकाम्या यंत्राला कायमचा पत्ता १९२.१६८.१.१० द्या, आणि राउटरच्या डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेच्या) पट्ट्यातून तो वगळा, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या मोबाइलला तोच पत्ता मिळेल आणि अख्ख्या वर्गाचं काम थांबेल. उबुंटू सर्व्हर आणि स्क्विड टाका. स्क्विडच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये आपली छोटी फाइल ठेवायची, मुख्य फाइल चाळवायची गरज नाही. आपल्या फाइलमध्ये तीन गोष्टी: शाळेचं जाळं (१९२.१६८.१.०/२४) सांगणारा एसीएल (जुळवायची अट), परवानगीच्या डोमेनची यादी दुसऱ्या फाइलमधून वाचणारा ‘डीएसटीडोमेन’ प्रकारचा एसीएल, आणि दोन्ही जुळले तर अलाउ अशी एक ‘एचटीटीपी ॲक्सेस’ ओळ. बाकीच्यांना मुख्य फाइलच्या शेवटचं ‘डिनाय ऑल’ अडवतं. स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ पाळतो, क्रम चुकला की यादीला अर्थ राहत नाही.

यादीत डोमेनच्या आधी टिंब दिलं की त्याची सगळी उपडोमेन आली. टिंबवालं नाव टाकलंय आणि त्याच्याच खालचं उपडोमेनही वेगळं टाकलंय असं करू नका. स्क्विड तक्रार करतो आणि काही आवृत्त्यांत सुरूच होत नाही. बदल केला की आधी ‘स्क्विड वजा के पार्स’, मग ‘वजा के रीकॉन्फिगर’.

वेळेचा एसीएल लावायचा असेल तर वारांची अक्षरं सांभाळा: गुरुवारला एच आणि शनिवारला ए, कारण टी मंगळवारने आणि एस रविवारने घेतलेला असतो. शनिवारची सकाळची शाळा आणि उन्हाळ्यात सगळ्याच दिवसांची सकाळची शाळा, म्हणजे वेळा वर्षातून दोनदा तरी बदलाव्या लागतात. मी तरी वेळेचा नियम न लावता नुसती यादी ठेवेन. यादीतल्या साइट दुपारी उघडल्या काय आणि सकाळी काय, त्यात वाईट काहीच नाही.

विद्यार्थी खात्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून १९२.१६८.१.१०, पोर्ट ३१२८ टाका. फायरफॉक्स सिस्टिमची प्रॉक्सी आपोआप घेतो. ‘प्रॉक्सी वगळा’च्या चौकटीत १९२.१६८.१.१० आठवणीने टाका, नाहीतर सर्व्हरवरचेच धडे उघडायला ब्राउझर प्रॉक्सीकडे जाईल आणि ते यादीत नाहीत म्हणून प्रॉक्सी नाही म्हणेल.

फायरफॉक्सच्या पॉलिसीच्या फाइलमध्ये प्रॉक्सीला कुलूप लावा असं पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं असतं. सामायिक संगणकावर ते लावू नका. ती फाइल अख्ख्या यंत्राला लागते, शिक्षकही त्या यादीत अडकतात आणि शालार्थ उघडत नाही. कुलपाची गरजही नाही. लेकराने प्रॉक्सी काढून टाकली तर त्याला काय मिळणार? फायरवॉल फक्त १९२.१६८.१.१० ची वाट देतो, त्यामुळे प्रॉक्सी काढल्यावर जे उघडत होतं तेही बंद होतं. ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस, व्हीपीएनची एक्स्टेन्शनं, पेनड्राइव्हवरून आणलेला ब्राउझर या सगळ्यांचं उत्तर तेच: पाकीट १५०० च्या नावाने निघालं की थांबलं.

स्क्विडमुळे डेटा वाचेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. एचटीटीपीएसचा मजकूर त्याला वाचताच येत नाही, मग साठवणार काय? डेटा वाचवायचा असेल तर त्याच सर्व्हरवर कोलिब्री (धड्यांसाठी) आणि किविक्स (विकिपीडियासाठी) हे नेटशिवाय चालणारे प्रोग्रॅम टाका. कोलिब्री पोर्ट ८०८० वर चालतो, परभणीच्या सरांनी ते उघडून ठेवलंय. त्याचा इंटरफेस मराठीत मिळतो. मराठी विकिपीडिया किविक्सच्या झिम फाइलच्या रूपात एकदा उतरवून घ्या आणि ‘किविक्स सर्व्ह’ वेगळ्या पोर्टवर लावा, समजा ८०९०, म्हणजे तोही फायरवॉलच्या दुसऱ्या ओळीत जोडा. विंडोजच्या नियमात सर्व्हरचा अख्खा पत्ताच मोकळा आहे, तिथे काही करावं लागत नाही. मग फायबर बंद पडलं तरी लेकरांचा विकिपीडिया चालू.

लॅब_जालना

नांदेडचे सर बरोबर सांगतात, फक्त एक भर. ही सगळी रचना ‘यंत्र आपल्याच सिस्टिमने सुरू झालं’ यावर उभी आहे. पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स सुरू केली तर तिथे ना १५०० ना एनएफटेबल्स. म्हणून बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाची सेटिंग) हार्ड डिस्क पहिली, यूएसबी बूट बंद, आणि बायोसला पासवर्ड. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल काढला की तो पासवर्ड पुसला जातो, तेव्हा कॅबिनेटच्या मागच्या कडीला लहान कुलूप घाला.

उबुंटूच्या सुरुवातीच्या मेनूत (ग्रब) ‘रिकव्हरी मोड’ असतो, त्यातून पासवर्ड न देता रूटचा शेल मिळतो. ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरच्या ‘ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल रिकव्हरी’ची ओळ सुरू करून ‘अपडेट ग्रब’ द्या. तेवढ्याने मेनूची ओळ जाते, पण ‘ई’ दाबून बूटची ओळ बदलता येते, म्हणून ग्रबलाही पासवर्ड हवा. पासवर्ड लावताना नेहमीच्या बूटच्या नोंदीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा, नाहीतर रोज सकाळी दहा यंत्रांपुढे उभं राहून पासवर्ड टाकत बसावं लागेल.

आणि सगळ्यात मोठं भगदाड: शिक्षक खात्याचा पासवर्ड. शाळेचं नाव आणि १२३ असा पासवर्ड असेल तर वर लिहिलेलं सगळं वाया गेलं. ‘यूजर बदला’ हा पर्यायही बंद करा, म्हणजे शिक्षक खातं उघडं ठेवून वरून विद्यार्थी खातं सुरू करायची सवय लागणार नाही.

सेलूकर

माझा मॅक फिल्टरचा सल्ला मागे घेतो, मुद्दा पटला. एक विचारतो. आमच्याकडे जुन्या यंत्रांवर असंच प्रॉक्सीचं करून बघितलं तर दोन यंत्रांवर दीक्षा उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं, बाकींवर येत नाही. यादी सगळीकडे तीच.

उबुंटू_परभणी

त्या दोन यंत्रांची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जातं, आणि मग प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ म्हणून ब्राउझर नाकारतो. सेल बदला, नाणं बसवतो तसा बसतो, छापील अधिकची बाजू वर. वेळ जुळवणारी सेवा तिच्या स्वतःच्या खात्यातून नेटवर जाते, आपला नियम तिला अडवत नाही, पण सुरू झाल्यावर तिला वेळ लागतो आणि लेकरं त्याआधीच ब्राउझर उघडतात. यंत्र सुरू झाल्या झाल्या तारीख बरोबर असेल तर मात्र प्रश्न दुसरा, मग तो पूर्ण संदेश इथे टाका.

कक्षप्रमुख_औसा

फोल्डर आणि पिंग दोन्ही सुरू झाले. सर्व्हरही लावला. टेदरिंग करून बघितलं, विद्यार्थी खात्यात काही उघडत नाही, शिक्षक खात्यात सगळं उघडतं. आता यादीचा प्रश्न. दीक्षाचं मुख्य पान येतं, पण काही धडे अर्धवट दिसतात आणि काही व्हिडिओची नुसती काळी चौकट येते. किविक्स अजून उतरतंय, तोवर विकिपीडिया यादीत ठेवलाय, तर त्याचा मजकूर दिसतो, चित्रं नाहीत.

तारजोड_नांदेड

चित्रांचं सोपं आहे. विकिपीडियाचा मजकूर एका डोमेनवरून येतो आणि चित्रं ‘अपलोड’ या उपडोमेनने विकिमीडियाच्या डोमेनवरून. ते यादीत टाका.

दीक्षासाठी अंदाजाने डोमेन टाकत बसू नका. सर्व्हरवर स्क्विडचा ‘ॲक्सेस डॉट लॉग’ ‘टेल वजा एफ’ने उघडा ठेवा आणि एका विद्यार्थी खात्यात तो अर्धवट धडा उघडा. ज्या ओळीत ‘टीसीपी डिनाइड’ आणि ४०३ दिसेल, त्या ओळीतलं नाव म्हणजे अडलेलं डोमेन. एकेक नाव यादीत टाका, रीकॉन्फिगर करा, पान पुन्हा उघडा. दोन-तीन फेऱ्यांत धडा पूर्ण दिसतो.

लॉगमध्ये दिसलं म्हणून प्रत्येक नाव टाकायचं नाही. जाहिराती आणि मोजमापाची डोमेन अडलेलीच राहू द्या, पान त्यांच्याशिवाय चालतं. गूगलचं एखादं नाव दिसलं तर पूर्ण नाव टाका, जसं फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम’ आणि ‘फॉन्ट्स डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम’. टिंब देऊन गूगलचं मूळ डोमेन टाकलंत तर गूगलवरचा सगळा शोध आणि त्यातली चित्रं उघडली.

काळ्या चौकटीचे व्हिडिओ यूट्यूबवरून जोडलेले असतात. ते चालवायला यूट्यूब आणि ‘गूगलव्हिडिओ’ची डोमेन उघडावी लागतात, आणि उघडली की त्या धड्याच्या व्हिडिओबरोबर सगळं यूट्यूब आलं. प्रॉक्सीला डोमेनचं नाव तेवढं दिसतं, कोणता व्हिडिओ ते दिसत नाही, त्यामुळे मधला मार्ग इथे नाही. असे धडे शिक्षक खात्यातून प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला एकदम दाखवा.